सप्तपदी आधी की लाजाहोम आधी? दोन सूत्रांच्या लग्नात जैमिनी काय सांगतात

निपाणीकडच्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांचे घर मराठी, ऋग्वेदी, आश्वलायन सूत्राचे. होणारी सून गोकाककडची, तिचे घर कन्नड, कृष्णयजुर्वेदी, आपस्तंब सूत्राचे. सूत्र म्हणजे घराने संस्कारांसाठी मानलेला नियमग्रंथ. यादीच्या बैठकीला दोन्हीकडचे उपाध्याय होते. मुलीकडच्या भट्टरांनी पाणिग्रहणानंतर लगेच सप्तपदी आणि त्यानंतर होम, असा क्रम सांगितला. मुलाकडच्या भटजींनी लाजाहोम, म्हणजे लाह्यांचा होम, झाल्याशिवाय सप्तपदी होतच नाही असे म्हटले. शब्दाने शब्द वाढू लागला, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी 'परशाखेचे कर्म निष्फळ, हे जैमिनींनीच सांगून ठेवले आहे' असे म्हणून विषय बंद केला. आता हे जैमिनी कोण, त्यांनी खरोखर असे सांगितले आहे का, मुलीला सख्खा भाऊ नसल्याने लाह्या कोणी घालायच्या, आणि जे जैमिनी देवच मानत नव्हते असे ऐकिवात आहे त्यांचा शब्द लग्नात का धरायचा, असे प्रश्न त्या गृहस्थांनी विचारले आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दोन्ही उपाध्यायांनी सांगितलेला क्रम आपापल्या सूत्राप्रमाणे बरोबर आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात पाणिग्रहण, अग्नीला प्रदक्षिणा, अश्मारोहण (वधूने दगडावर पाय ठेवणे) आणि लाजाहोम झाल्यावर सप्तपदी येते. आपस्तंब गृह्यसूत्रात पाणिग्रहणाला लागूनच सप्तपदी आहे आणि अश्मारोहण व लाह्यांचा होम पुढे आहेत. तेव्हा कोण चुकले, हा खरा प्रश्नच नाही. एकाच मांडवात दोन बरोबर पद्धती समोरासमोर आल्या तर कोणती चालवायची आणि ते कोणत्या आधाराने ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमका हाच प्रश्न जैमिनींनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हातात घेतला होता. उत्तरातला काही भाग मात्र आपल्या घरच्या माहितीवर अवलंबून राहील. आपले सूत्र आपण संध्येतल्या अभिवादनावरून, म्हणजे गोत्र-सूत्र उच्चारण्याच्या वाक्यावरून, सांगता आहात की नुसत्या ऐकीव माहितीवरून, घरात मागच्या पिढीची लग्ने कोणत्या पोथीवर लागली, आपले गोत्र कोणते, यांवर तपशील बदलतील. विचाराची दिशा बदलणार नाही.

जैमिनींचे नाव आपल्या भागात दोन्ही भाषांच्या घरांत ओळखीचे आहे, पण ते बहुधा वेगळ्या वाटेने. कन्नड घरांत लक्ष्मीशाच्या जैमिनि भारतामुळे, मराठी घरांत श्रीधरांच्या जैमिनी अश्वमेधामुळे. पुराणपरंपरा त्यांना व्यासांचे शिष्य आणि सामवेदाचे अधिकारी मानते. आपला संबंध पूर्वमीमांसेच्या, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राच्या, सूत्रकाराशी आहे. त्यांचा काळ साधारणपणे ख्रिस्तपूर्व चौथे ते दुसरे शतक या टप्प्यात धरतात. त्यांचा ग्रंथ १२ अध्यायांचा, ६० पादांचा, सुमारे २,७०० सूत्रांचा आहे. त्यावर शबरस्वामींचे भाष्य आहे, आणि त्या भाष्यावर सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी व प्रभाकरांनी लिहून दोन स्वतंत्र मते उभी केली. या ग्रंथात कोणताही विधी कसा करावा याची कृती सापडत नाही. ते काम श्रौतसूत्रांचे (मोठ्या वैदिक यज्ञांसाठी) आणि गृह्यसूत्रांचे (घरच्या संस्कारांसाठी). जैमिनी सांगतात ते वेगळेच: वाक्यांचा अर्थ कसा लावावा, मुख्य काय आणि त्याचे अंग काय, आधी काय आणि नंतर काय, एखादी वस्तू मिळाली नाही तर काय करावे, फळ कोणाचे. प्रत्येक मुद्दा ते अधिकरणाच्या रूपाने मांडतात: विषय, त्यावरचा संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे पुढे खोडायचे मत, आणि शेवटी सिद्धान्त म्हणजे निर्णय. पूर्वपक्ष इतका भक्कम मांडलेला असतो की अर्धवट वाचणारा माणूस त्यालाच जैमिनींचे मत समजून घरी जातो. आपल्या बैठकीत बहुधा हेच झाले आहे.

दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात शाखांतराचे अधिकरण येते. वेदाच्या निरनिराळ्या शाखांत तेच अग्निहोत्र, तेच दर्शपूर्णमास, तोच सोमयाग सांगितला आहे. पण तपशील जुळत नाहीत. मग काठकांचे कर्म वेगळे आणि तैत्तिरीयांचे वेगळे, की सर्वांचे एकच? पूर्वपक्षी म्हणतो, वेगळे. त्याची कारणे त्याने एकामागून एक दिली आहेत, आणि ती वाचताना आपल्या बैठकीतलेच बोलणे ऐकू आल्यासारखे वाटते. नावे वेगळी आहेत. रूप वेगळे आहे, कारण एका शाखेत अग्नी व सोम यांना द्यायचा पुरोडाश (पिठाची भाकर) अकरा कपालांवर, म्हणजे खापऱ्यांवर, भाजायचा तर दुसऱ्या शाखेत बारा. आचार वेगळे आहेत, कारण पावसासाठी करायच्या कारीरी इष्टीची वाक्ये शिकताना तैत्तिरीय जमिनीवर जेवतात, इतर तसे करत नाहीत. आणि शाखा एकमेकींची निंदा करतात. सूर्य उगवण्यापूर्वी अग्निहोत्र करणाऱ्यांविषयी एका ठिकाणी म्हटले आहे की ते रोज सकाळी खोटे बोलतात, कारण सूर्य नसताना सूर्याचा मंत्र म्हणतात. उगवल्यानंतर करणाऱ्यांविषयी दुसरीकडे म्हटले आहे की पाहुणा निघून गेल्यावर त्याच्यामागे ताट घेऊन धावावे तसे त्यांचे आहे. कर्म एकच असते तर इतके कडक बोलणे कशाला झाले असते, असा पूर्वपक्षाचा रोख.

जैमिनींचा सिद्धान्त एका सूत्रात आहे: 'एकं वा संयोगरूपचोदनाख्याऽविशेषात्'. कर्म एकच, कारण फळाशी असलेला संबंध, कर्माचे रूप म्हणजे द्रव्य व देवता, विधी सांगणारे क्रियापद आणि कर्माचे नाव, या चारही गोष्टी सगळ्या शाखांत सारख्याच आहेत. काठक, कालापक ही नावे ग्रंथांची आहेत, कर्मांची नाहीत. जमिनीवर जेवणे हे अभ्यासाच्या वेळचे व्रत आहे, यागाचे अंग नाही. कपालांच्या संख्येतला फरक हा मूळ कर्म वेगळे ठरवण्याइतका मोठा नाही. निंदेविषयी शबरस्वामींचे उत्तर मीमांसेच्या बाहेरही प्रसिद्ध झाले: निंदा ही निंद्य वस्तूला कमी लेखण्यासाठी नसते, जे सांगायचे आहे त्याची स्तुती करण्यासाठी असते. 'उगवण्यापूर्वी करणारे खोटे बोलतात' या वाक्याचे तात्पर्य 'उगवल्यावर करा' एवढेच. त्यावरून दुसऱ्याचे अग्निहोत्र बुडाले असे निघत नाही.

या अधिकरणातून पुढच्या शास्त्रकारांनी 'सर्व शाखांतून कळणारे कर्म एकच' हे तत्त्व घेतले. तेव्हा परशाखेचे कर्म निष्फळ असे जैमिनींनी सांगितले, हे विधान उलटे आहे. ते ज्या वचनावरून आले असावे ते वचन निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या नंतरच्या संग्रहग्रंथांत, कात्यायनांच्या नावाने येते. स्वतःच्या शाखेचा आश्रय टाकून जो परशाखेचा आश्रय करतो त्याचे केलेले वाया जाते, असा त्याचा भाव. पण त्याच्या जोडीलाच दुसरे वचन आहे, ते कोणी म्हणत नाही: आपल्या शाखेत जे सांगितलेले नाही, दुसऱ्या शाखेत सांगितले आहे आणि आपल्याशी विरोध करीत नाही, ते जाणत्यांनी अवश्य करावे. दोन्ही वचने एकत्र वाचली म्हणजे नियम असा दिसतो की विरोध असेल तिथे स्वतःचे सूत्र, विरोध नसेल तिथे दुसऱ्याचे घ्यायला मोकळीक. पहिले वचन टाकण्याविषयी आहे, शेजारी ठेवण्याविषयी नाही. सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर माणसे लवकर तापतात, आणि त्या तापाची झळ पोथ्यांनाही लागते. अशा वेळी अर्धे वचन फार सोयीचे ठरते.

येथे जैमिनींच्या मर्यादेची नोंद करणे आवश्यक आहे. त्यांचा मुख्य विषय श्रौतकर्मे आहे. विवाह हे गृह्यकर्म, म्हणजे स्मृतींच्या कक्षेतले. त्यांनी सप्तपदी आणि लाजाहोम यांच्या क्रमावर निकाल दिलेला नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यांना सूत्र दाखवायला सांगावे. आम्ही उपाध्याय त्यांची पद्धत वापरतो. ती वापरण्याला आधार स्वतः गृह्यसूत्रेच देतात. आश्वलायनांनी विवाहप्रकरणात 'अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान्विवाहे प्रतीयात्' असे सांगून, देशोदेशीचे आणि गावोगावचे नाना प्रकारचे धर्म विवाहात मान्य करावेत, सर्वत्र समान आहे तेवढेच मी सांगतो, असे म्हटले आहे. आपस्तंबांनी तर विवाहातले काही प्रकार स्त्रियांकडून समजून घ्यावेत असे सांगितले. म्हणजे दोन्ही घरांच्या सूत्रकारांनी आपल्या सूत्राबाहेर विवाहाचा एक मोठा भाग आहे हे आधीच मान्य केले आहे. आपण मात्र त्यांच्या नावाने भांडतो.

आता क्रमाकडे येऊ. जैमिनींचा पाचवा अध्याय सबंध क्रमाला वाहिलेला आहे. कर्माचे भाग एकामागून एकच करता येतात, एकाच वेळी नाहीत, म्हणून काहीतरी क्रम हवा. तो ठरवण्याची सहा साधने मानली जातात: प्रत्यक्ष शब्द, प्रयोजन, पाठ, स्थान, मुख्याचा क्रम आणि सुरुवात केलेली रीत. यांतले आधीचे साधन नंतरच्यापेक्षा बलवान. नेहमीचे उदाहरण अग्निहोत्राचे आहे. ग्रंथात 'अग्निहोत्र करतो' हे वाक्य आधी आणि 'यवागू (पेज) शिजवतो' हे नंतर येते. पण शिजवल्याशिवाय आहुती कशाची देणार? म्हणून पाठ बाजूला राहतो आणि प्रयोजन क्रम ठरवते. सप्तपदी आणि लाजाहोम यांच्यात असे प्रयोजनाचे बंधन नाही. लाह्यांवाचून सात पावले अडत नाहीत आणि पावलांवाचून लाह्याही अडत नाहीत. मग उरतो तो ज्या सूत्राने कर्म करायचे त्या सूत्राचा पाठ. एका सूत्राचा पाठ दुसऱ्या सूत्राच्या पाठाला खोडू शकत नाही, कारण दोन्हींचे बळ सारखे आहे. तेव्हा निकाल क्रमाच्या युक्तिवादाने लागत नाही. कर्म कोणाचे, या प्रश्नाने लागतो.

तिसऱ्या अध्यायातले सूत्र 'शास्त्रफलं प्रयोक्तरि' असे आहे. शास्त्राने सांगितलेले फळ कर्म करणाऱ्याचे, म्हणजे यजमानाचे. ऋत्विज दक्षिणेने विकत घेतलेले असतात, असे मीमांसक कोणताही आडपडदा न ठेवता म्हणतात. हे आम्हा उपाध्यायांना ऐकायला फार गोड नाही, पण त्यामुळे वाद मिटतो. भटजींचे सूत्र कोणते, याला महत्त्व नाही. यजमानाचे कोणते, याला आहे. विवाहात हे विभागून पाहावे लागते. कन्यादान मुलीचे वडील करतात. संकल्प त्यांचा, उदक त्यांच्या हातचे. तो भाग त्यांच्या घरच्या रीतीने, आपस्तंब पद्धतीने, त्यांच्या भट्टरांनी चालवावा. पाणिग्रहणापासून पुढचा विवाहहोम वराचा आहे. अग्नी त्याचा, आहुती त्याच्या, आणि पुढे गृहप्रवेशनीय होमही त्याच्याच घरी. तो वराच्या सूत्राने व्हावा, अशी शिष्टांची रीत आहे आणि माझ्या व्यवसायातही मी तीच धरतो. म्हणून आपल्या घरच्या लग्नात लाजाहोम आधी आणि सप्तपदी नंतर. हाच संबंध उलटा असता, म्हणजे मुलगा गोकाकचा आणि मुलगी निपाणीची असती, तर मी तितक्याच निश्चयाने सप्तपदी आधी करवली असती.

हे ऐकल्यावर मुलीकडच्या मंडळींना आपल्याला डावलले असे वाटण्याचा संभव असतो, आणि मग कोणीतरी तोडगा सुचवतो की दोन्ही क्रमांनी दोनदा करू. हे करू नये. एका प्रयोगात मुख्य आणि अंगे मिळून एक सलग कर्म होते, मध्ये अंतर न पडता. दोन सूत्रांचे क्रम त्यात गुंफले तर कोणत्याच सूत्राचे कर्म पुरे होत नाही. सप्तपदी दोनदा घालणे हे दोघांना खूश करणे आहे, पण ते एकाही सूत्राचे नव्हे. दुहेरी होम, दुहेरी दक्षिणा, दुहेरी सामग्री असे कोणी सुचवले तर जैमिनींच्या पहिल्या अध्यायाची आठवण ठेवावी. यज्ञमंडपातला औदुंबरीचा खांब वस्त्राने सबंध गुंडाळावा अशी एक स्मृती होती, आणि त्याला स्पर्श करून गायन करावे अशी श्रुती; सबंध गुंडाळला तर स्पर्श कसा होणार? श्रुतीशी विरोध, म्हणून ती स्मृती मान्य नाही, असे सांगून जैमिनी पुढच्या सूत्रात कारण दिसते म्हणतात, आणि शबरस्वामी ते कारण उघडपणे सांगतात: कोणाला तरी ते वस्त्र हवे असावे. कुमारिलांना हे स्पष्टीकरण पटले नाही आणि त्यांनी स्मृतीची बाजू घेतली, हेही सांगायला हवे. पण लोभाची शंका घेण्याची मुभा शास्त्रातच आहे, एवढे यजमानांनी जाणून असावे.

लाह्यांविषयी. आश्वलायनांनी वधूच्या ओंजळीत तिच्या भावाने किंवा 'भ्रातृस्थान' माणसाने, म्हणजे भावाच्या जागी असणाऱ्याने, दोनदा लाह्या घालाव्यात असे सांगितले आहे, जामदग्न्यांसाठी, म्हणजे जमदग्नींच्या कुळातल्यांसाठी, तीनदा. म्हणून मी गोत्र विचारले. श्रीवत्स गोत्र असेल तर तीनदा. सख्खा भाऊ नाही ही अडचण सूत्रकारांनी स्वतःच सोडवून ठेवली आहे: चुलत, मावस, मामे, आते, यांपैकी जो घरात भावासारखा वावरतो तो चालतो. आपस्तंबांकडे तर भावाने घालाव्यात हे 'काहींचे मत' म्हणून येते. तेव्हा दोन्ही सूत्रांत अडचण नाही. जैमिनींनी सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार केला आहे: तांदूळ मिळाले नाहीत तर नीवार (रानतांदूळ) चालतात, कारण ते सर्वांत जवळचे; देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना मात्र प्रतिनिधी नाही, यजमानालाही नाही. निषिद्ध वस्तू प्रतिनिधी होत नाही. लाह्यांच्या बाबतीत ही कसोटी वापरली तरी उत्तर तेच येते. भाऊ यजमान नाही, साहाय्यक आहे, आणि साहाय्यकाच्या जागी सर्वांत जवळचा घेता येतो. कार्यालयात ऐन वेळी लाह्यांऐवजी चुरमुरे पुढे आले तर मात्र ते घेऊ नका. चुरमुरे उकडलेल्या तांदळाचे असतात, लाह्या भाताच्या, म्हणजे न सडलेल्या साळीच्या, असतात, आणि आपल्याकडे भाताच्या लाह्या आदल्या दिवशी बाजारात सहज मिळतात. मूळ वस्तू मिळत असताना प्रतिनिधीचा प्रश्नच येत नाही.

राहिले प्रादेशिक आचार. आपल्याकडे अंतरपाट, मंगलाष्टके, अक्षता. त्यांच्याकडे वधूवरांनी एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गूळ ठेवणे, सुरगी (सूत गुंडाळलेल्या कलशांच्या मध्ये बसवून घालायचे स्नान), आणि त्या त्या घरचे आणखी काही. यांतले काय ठेवावे आणि काय गाळावे? जैमिनींच्या पहिल्या अध्यायात याच विषयावर होलाकाधिकरण आहे, आणि सीमेवर राहणाऱ्याने ते वाचायलाच हवे असे मला वाटते. शबरस्वामी उदाहरणे देतात: होलाकादी उत्सव पूर्वेकडचे लोक करतात, आह्नीनैबुक हा दाक्षिणात्यांचा, उद्वृषभयज्ञ उत्तरेकडच्यांचा. मग हे आचार त्या त्या प्रदेशाच्या लोकांपुरतेच प्रमाण आहेत का? पूर्वपक्ष म्हणतो, होय, कारण आचार तिथेच दिसतो. सिद्धान्त म्हणतो, नाही. आचारामागे जे विधिवाक्य कल्पायचे ते अमुक दिशेच्या माणसाने करावे अशा रूपात कल्पिता येत नाही, कारण 'पूर्वेकडचा' ही माणसाची खूण टिकाऊ नाही. प्रदेश सोडून दूर गेलेले लोकही ते आचार पाळताना दिसतात, आणि त्याच प्रदेशात बाहेरून येऊन राहिलेले पाळत नाहीत. नावाचे काय, तर त्याला सूत्रात मथुरेचे उदाहरण आहे: मथुरेचा माणूस मथुरा सोडली तरी माथुरच म्हणवला जातो. आपल्याकडे आडनावातून हुक्केरीकर, संकेश्वरकर, चिकोडीकर अशी गावे बरोबर घेऊन पुण्यात, धारवाडात, हुबळीत राहणारी किती घरे आहेत हे आपण जाणताच.

या अधिकरणाचा माझ्यापुरता उपयोग असा, की जिरे-गूळ हा 'त्यांचा' आणि अंतरपाट 'आपला', अशी वाटणी शास्त्रात बसत नाही. चांगला आचार कोणीही करावा. पण येथेही परिस्थितीचा भाग आहे. पुढच्या निबंधकारांनी देशाचार त्या देशापुरता धरण्याकडे कल ठेवला, आणि धर्मसिंधूसारख्या १७९० च्या ग्रंथात, जो आपल्या उपाध्यायांच्या हाती सर्वाधिक असतो, कुळाचाराला आणि देशाचाराला मोठे स्थान आहे. म्हणून मी सक्ती सुचवत नाही. होमाच्या सलग प्रयोगात व्यत्यय न आणणारे दोन्हीकडचे आचार ठेवावेत. जे होमाच्या मध्ये येतात ते आधी किंवा नंतर घ्यावेत. जिरे-गूळ आणि अंतरपाट एकाच मुहूर्तावर व्यवस्थित बसतात. सुरगीला जागा आणि वेळ लागतो, तेव्हा ती मुलीच्या घरी आदल्या दिवशी किंवा सकाळी होईल का, हे विहीणबाईंना विचारून घ्यावे. यातले बारकावे पोथीपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतील, आणि आपस्तंबांचे म्हणणेही तेच आहे.

जैमिनी देव मानत नव्हते, या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो, कारण आपल्या अडचणीशी त्याचा संबंध थोडा आहे. नवव्या अध्यायात देवतेला शरीर आहे का, ती येऊन खाते का, प्रसन्न होऊन फळ देते का, असा विचार आहे, आणि शबरभाष्याचा निकाल 'नाही' असा आहे. कर्मात देवता अंग आहे, मुख्य कर्मच. फळ कर्मापासून निर्माण होणाऱ्या अपूर्व नावाच्या शक्तीने मिळते. जगाचा कर्ता असा ईश्वर मानण्याविरुद्ध कुमारिलांनी श्लोकवार्तिकात सविस्तर युक्तिवाद केला आहे. पुढच्या काळातल्या मीमांसकांची वृत्ती मात्र बदलली. आपदेवांचा मीमांसान्यायप्रकाश आणि लौगाक्षी भास्करांचा अर्थसंग्रह हे दोन्ही प्रवेशग्रंथ ईश्वरार्पण बुद्धीने केलेले कर्म मोक्षाला कारण होते असे सांगून संपतात. जैमिनींना नास्तिक म्हणणे चूक आहे, कारण आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, आणि वेदाला जैमिनींइतके घट्ट धरून राहिलेले फार थोडे. आपण वाक्याचा अर्थ लावण्याची त्यांची पद्धत घेतो आहोत. त्यासाठी त्यांचे देवतेविषयीचे मत घ्यावे लागत नाही. भक्तिमार्गी वैष्णव आचार्यही मीमांसेचे न्याय सर्रास वापरतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. लग्नापूर्वी दोन्ही उपाध्यायांना एकदा समोरासमोर बसवा, यजमान मंडळी जास्त जमवू नका. कन्यादानापर्यंतचे आचार्यत्व भट्टरांकडे, पाणिग्रहणापासून आपल्या भटजींकडे, असे ठरवून एका कागदावर क्रम लिहून घ्या, आणि तो मराठीत व कन्नडमध्ये दोन्हीकडे द्या. होम चालू असताना आचार्य एकच असावा. दुसऱ्यांनी ब्रह्म्याच्या, म्हणजे होमावर देखरेख करणाऱ्या ऋत्विजाच्या, आसनावर बसावे, जे मानाचेही आहे आणि चूक होऊ लागली तर सांगण्याचे कामही त्यांचेच आहे. आपल्या घरचे सूत्र खात्रीने आठवत नसेल तर वडिलांच्या किंवा काकांच्या अभिवादनाची वाक्ये काढा. तीही मिळाली नाहीत तर घरात आजवर ज्या पोथीने लग्ने लागली तीच धरा, आणि त्या पोथीला तडजोड म्हणू नका. आश्वलायन येणारा उपाध्याय त्या मुहूर्ताला मिळालाच नाही आणि भट्टरच सर्व करणार असतील, तर त्यांना पोथी आश्वलायनांची द्या. आपस्तंब घरातले बहुतेक जाणते उपाध्याय ती चालवू शकतात. तेही शक्य नसेल तर आपस्तंब पद्धतीने झालेले लग्न लग्नच आहे. कायद्याचे विचाराल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात दोन्ही पक्षांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने विवाह होतो, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. ते पाऊल लाजाहोमाच्या आधी पडले की नंतर, याची चौकशी कायदा करीत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना मूळ पाहायचे असेल तर माधवाचार्यांची जैमिनीय न्यायमाला दाखवा. ती चौदाव्या शतकातली, विजयनगरच्या काळातली आहे, प्रत्येक अधिकरणाचा पूर्वपक्ष आणि सिद्धान्त थोडक्या श्लोकांत देते, आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापली आहे. दुसऱ्या अध्यायाचा चौथा पाद उघडून फक्त शाखांतराचे अधिकरण वाचले तरी पुरे. पण सिद्धान्ताच्या श्लोकापर्यंत वाचावे.